अस्तरावरचं बी

शिवणमावशींना हळू बोलणं कधी जमलंच नाही. जन्मभर मशीनच्या खडखडाटावर आवाज काढून गिऱ्हाइकांशी बोललेल्या बाईचा गळा तो, त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी बटणांच्या डब्यात त्यांना जे सापडलं, त्याची बातमी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या आधी खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याला कळली.

झालं होतं असं, की कुणाच्या तरी कोटाचं तपकिरी बटण हरवलं होतं आणि त्याच्या जोडीचं शोधायला मावशींनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा कापायच्या टेबलावर पालथा केला. बटणांचा ढीग पडला, हुक पडले, चेनचे रनर पडले आणि सगळ्यांत शेवटी डब्याच्या बुडाशी चिकटून बसलेली अस्तराच्या कापडाची एक घडी पडली. निळसर, कडा उसवलेली. मावशींनी ती उलगडली. आत कापडाला चिकटून वाळलेल्या, चपट्या, बारीक लव असलेल्या बिया होत्या. मावशी ओरडल्या, "अहो, ताईचा टोमॅटो!"

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. आणि ताईचा टोमॅटो म्हणजे दिसायला अगदी कुरूप प्रकरण. बसका, वेडावाकडा आणि देठापासून खालपर्यंत चुण्याच चुण्या. कुणीतरी फ्रॉकच्या कमरेला दोरा घालून ओढावा तसा. पण चव अशी, की तो खाल्लेल्या माणसाला बाजारातला टोमॅटो म्हणजे लाल रंगाचं पाणी वाटावं. ताई आपल्या घरामागच्या पट्टीत दरवर्षी तो लावायची, दरवर्षी त्यातलंच बी धरायची. असंच कधीतरी मावशी तिच्याकडे गेल्या असताना तिने एक पिकलेलं फळ त्यांच्याच शिवणातल्या अस्तराच्या तुकड्यावर पिळलं, वाळवलं आणि म्हणाली, "ठेव गं, असू दे." मावशींनी तो तुकडा डब्यात टाकला आणि विसरून गेल्या. विहिरीच्या काठावर राहणारा माणूस घागर भरून कशाला ठेवील?

आता विहीर आटली होती. भाऊजी गेले आणि ताईने ती पट्टी सोडून दिली. पट्टी सोडली, मग बाहेर जाणं सोडलं, मग हळूहळू जेवणातलं लक्षही सोडलं. सगळं सारखंच लागतं म्हणायची. फोनवर काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: बरं आहे. कशी आहेस? बरं आहे. औषध घेतलंस? बरं आहे. चार दिवस माझ्याकडे ये की. बरं आहे इथेच. मावशींना त्या दोन शब्दांचा इतका राग यायचा की फोन ठेवल्यावर त्या मशीनवर बसून गरज नसलेल्या शिवणीसुद्धा दोनदा मारायच्या.

त्यांनी तिथल्या तिथे ताईला फोन लावला.

"टाकून दे ते," ताई म्हणाली. "इतकी वर्षं डब्यात राहिलं. मेलं असेल."

"मेलं की जिवंत ते मी बघते. उगवलं तर येशील?"

"नुसतं उगवून काय होतंय? फळ धरलं की सांग. येते मग."

कुठल्याही शहाण्या माणसाला यात नकार ऐकू आला असता. ताईने फोन संपवायला ते म्हटलं होतं, बस्स. पण मावशींनी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, की ताई उन्हाळ्यात राहायला येतेय, पलीकडची कॉट रिकामी करा.

मावशींचे यजमान वायरमन. नोकरीतून मोकळे झाले तरी अख्खी गल्ली त्यांना वायरमनच म्हणायची. बोलणं मोजकं आणि तेही तिरकं. त्यांनी चष्म्यावरून त्या अस्तराकडे पाहिलं. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," ते म्हणाले आणि कॉटवरचे वायरींचे गुंडाळे उचलू लागले.

थंडी अजून सरली नव्हती, म्हणजे बी घरातच रुजवायला हवं होतं. मावशींनी नर्सरीतून खणाखणांचा काळा ट्रे आणला. माती आणली, ती जाळीच्या कापडातून चाळली. उरलेल्या मातीने टेबलाखाली मुक्काम ठोकला आणि महिनाभर शिवून दिलेल्या प्रत्येक कपड्यातून थोडी थोडी गिऱ्हाइकांच्या घरी गेली. अस्तराचा तुकडा कोमट पाण्यात भिजत घातला तेव्हा एकेक बी कापड सोडून अलगद वर आलं. ओव्हरलॉक मशीनच्या सुईत दोरा ओवायचा बारीक चिमटा होता, त्याने मावशींनी ते उचललं. जाड सुईने मातीत भोक पाडून ठेवलं होतं, त्यात सोडलं, वर चिमूटभर माती. असं करताना त्या चक्क गप्प होत्या. वायरमन दोनदा येऊन बघून गेले, बायकोला बरं नाही की काय म्हणून. धुतलेलं अस्तर मावशींनी इस्त्री करून परत बटणांच्या डब्यात ठेवलं.

ताईचं बी संपलं, ट्रेचे खण मात्र उरले. आता शिंप्याला कापडाचा रिकामा कोपरा बघवत नाही, तसे मावशींना ते खण बघवेनात. मग काही खणांत बेकरीवाल्याने दिलेल्या गोल टोमॅटोचं बी गेलं आणि काही खणांत वायरमनना आवडणाऱ्या बोराएवढ्या टोमॅटोचं.

"खुणा केल्यास ना?" वायरमननी विचारलं.

"मला विचारताय? आयुष्यभर मी दुसरं केलं काय?"

आणि खरोखरच त्यांनी सुरेख खुणा केल्या होत्या. ताईच्या बियांच्या खणांवर फुली, बेकरीच्या खणांवर गोल, बोरांच्या खणांवर आडवी रेघ. काळ्या प्लॅस्टिकवर शिवणाच्या पांढऱ्या खडूने. इथे एखादा शिंपी हे वाचत असेल, तर त्याने आत्ताच कपाळावर हात मारून घेतला असेल.

ट्रेला ऊब हवी होती आणि उबेची जागा सगळ्या इमारतीत एकच, बेकरीची भट्टी. भट्टीच्या बाजूला, हात लावला तर पोळणार नाही पण मांजर येऊन झोपेल इतपत गरम अशी एक फळी होती. बेकरीवाल्याने तिच्यावरचे पावाचे साचे हलवले आणि ट्रे ठेवून घेतला. झालं. मावशींचं मशीन वर आणि जीव खाली. अर्धी बाही लावून झाली की जिन्यावरून खाली. काज करून झालं की खाली. हातात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. आल्या की फूस-फूस पाणी मारायचं, वाकून बघायचं आणि निराश होऊन वर जायचं.

"मावशी, मी पावसुद्धा इतक्या वेळा उघडून बघत नाही," बेकरीवाला म्हणाला.

"तुझ्या पावाची वाट बघत कुणी बसलंय का?"

"अख्खी गल्ली बसलीय."

मग एका सकाळी मावशींच्या पायाखालची फरशी ठकठक वाजली. बेकरीवाला खालून लांब दांड्याच्या फावडीने छताला ठोकत होता. मावशी गळ्यात टेप, तोंडात टाचण्या अशा अवतारात धावल्या. टाचण्या काढायचं सुचलं ते निम्म्या जिन्यात. ट्रेमधून कोंब वर आले होते. एक, दोन नव्हे, बरेच. कुणाची मान अजून मातीत अडकलेली, कुणी दोन पानं फाकवून मोकळा झालेला, कुणाच्या डोक्यावर बियाची टोपी तशीच. मावशींना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी बेकरीवाल्याचा पिठाचा हात धरून हलवला, भट्टीपाशी उभ्या गिऱ्हाइकाला बळेच बोलावून दाखवलं, वर तोंड करून नवऱ्याला हाका मारल्या. "आली हो, आली! ताईची आली!"

वायरमन सावकाश उतरले, चष्मा लावला, ट्रेवर वाकले.

"यातली ताईची कुठली?"

मावशींनी बोट पुढे केलं आणि ते तिथेच थांबलं. ट्रे काळा होता. स्वच्छ, ओला, नुसता काळा. फुली नाही, गोल नाही, रेघ नाही. शिवणाचा खडू असतोच मुळी पुसला जाण्यासाठी. कपडा बेतायचा, शिवायचा, पाण्याचा फवारा मारून इस्त्री फिरवायची, की खूण गायब. याच गुणासाठी मावशींनी तो उभ्या आयुष्यात इतका वापरला होता, आणि स्वतःच्याच हाताने, दिवसातून कितीतरी वेळा, त्याच्यावर पाणी मारलं होतं.

"पण रांगा तर लक्षात असतील?" वायरमन म्हणाले.

"आहेत की. फुल्या उजवीकडे..."

बेकरीवाल्याने घसा खाकरला. सगळ्या बाजूंना सारखी आच लागावी म्हणून पावाचे ट्रे फिरवतात, तसा तो हाही रोज फिरवत होता. किती वेळा, कुठून कुठे, देव जाणे.

मावशी वर आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. उगवलेल्यांत ताईचं एक तरी आहे का, इथपासूनच प्रश्न होता. ताजं बी उगवलं असेल, जुनं मातीतच राहिलं असेल. मग फळ धरेल, आणि ते गोलच असेल, आणि ताई फोनवर म्हणेल, बरं आहे. त्यांना रडूच आलं. पण पोटात काही ठेवील ती मावशी कसली. त्यांनी फोन उचलला आणि सगळं सांगून टाकलं.

पलीकडे कसलातरी घुसमटल्यासारखा आवाज. मावशी घाबरल्या. "ताई? रडतेस का गं?"

"खडूने?" ताईला धड बोलता येईना. "शिवणाच्या खडूने? अगं धाकटे..."

ताई हसत होती. मावशींनी ते हसणं भाऊजी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आपल्या मूर्खपणाचं इतकं सार्थक झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी बेकरीवाल्याने ट्रे फिरवल्याची गोष्ट मुद्दाम तिखटमीठ लावून पुन्हा सांगितली.

तीन-चार दिवसांनी एका संध्याकाळी फोन वाजला. ताईचा होता. ताईने आपणहून केलेला.

"किती वर आलीत?"

"चांगली बोटभर! सरसर वाढतायत."

"बोटभर? म्हणजे उजेड कमी पडतोय. लांबुळकी होऊन मरतील. दिवा जवळ घे."

वायरमननी लगेच ट्रे वर आणून कापायच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर ट्यूब खाली ओढून टांगली, इतकी खाली की मावशींना बेततानाही मान वाकडी करावी लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पाणी वरून मारतेस? ती बाटली आधी फेकून दे. ताटलीत पाणी ओत, मुळं खालून पितील. मग पुन्हा. रोज तळहात फिरव त्यांच्या डोक्यावरून, मायेने नव्हे गं, वारा लागल्यासारखं वाटून देठ जाड होतात. मावशी सगळं करत, थोडं चुकवत, आणि चुकलं की ते आधी फोनवर सांगत. ताई चिडायची. तिला चिडलेलं ऐकून मावशींना इतका आनंद व्हायचा की पुढच्या कपड्याचं माप त्या गुणगुणत घ्यायच्या. 'बरं आहे' कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

रोपं मोठी झाली तशी जागेची अडचण आली. गॅलरीत चार कुंड्यांपलीकडे पाचवी ठेवायची तर माणसाला बाहेर काढावं लागलं असतं. कुठली ठेवायची? मावशींनी विचार केला. जुनं बी, थकलेलं. ते उशिरा येणार, अशक्त येणार. म्हणजे ट्रेमधली सगळ्यांत मरतुकडी रोपं असतील तीच ताईची. त्यांनी ठणठणीत, टवटवीत रोपं वाटायला काढली. दोन बेकरीवाल्याला. पँटची उंची कमी करायला आलेल्याला पँटबरोबर एक. पडदे शिवायला टाकलेल्या शाळेतल्या बाईंना एक. आणि कमरेत वाकलेली, फिकट, जगू का मरू करणारी चार स्वतःला ठेवली.

"चांगला माल वाटून सडका घरात ठेवणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," वायरमन म्हणाले. पण त्या चौघांना काठ्यांचा आधार वायरीच्या तुकड्यांनी त्यांनीच बांधला.

कुंड्यांत गेल्यावर काही दिवसांनी त्यातल्या एकाने मान टाकली. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. फोनवर त्यांनी पानांचा रंग सांगितला, देठ सांगितला, मातीचा ओलावा सांगितला, सगळा घाबराघुबरा आणि एकात एक मिसळून.

"असं मेलं फोनवर काय कळणार आहे?" ताई वैतागली. "तुला एक काम धड येत नाही. राहू दे, हात लावू नकोस. मीच येते."

फळ धरलं की येणार होतीस, हे वायरमनच्या ओठांवर आलं होतं. मावशींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी ते गिळलं.

ताई आली. बारीक झाली होती, केस पार पांढरे. पण बॅग अशी जड, की ती जिन्यावरून आणताना बेकरीवाल्यालाही हात लावावा लागला. पाणीसुद्धा न पिता ती थेट गॅलरीत गेली. मान टाकलेल्या रोपाच्या बुडाशी तिने बोट घातलं. "बुडवलंस याला," ती म्हणाली. "दोन दिवस पाणी दाखवू नकोस, उठेल." मग चारही कुंड्यांपुढे ती एकेक करून वाकली. पान बोटांत चुरडलं, वास घेतला, देठावरून अंगठा फिरवला. मागे मावशी, वायरमन आणि पीठ लागलेल्या हातांनी बेकरीवाला टक लावून उभे.

"कुठलं?" मावशींनी विचारलं.

"काही कळत नाही," ताई म्हणाली. "सगळ्यांना टोमॅटोचाच वास."

"मग गं?"

"मग काय. फळ धरेपर्यंत थांबायला हवं. कळलं की जाईन."

ती थांबली. पलीकडची कॉट तिची झाली. सकाळी उठून ती फुलांच्या देठांना टिचक्या मारायची, पराग झडून फळ धरावं म्हणून. दुपारी मावशींच्या बाजूला स्टूल ओढून हाताने दुमडी घालायची आणि मावशींच्या टाक्यांना नावं ठेवायची. खाली बेकरीत जाऊन तिने बेकरीवाल्याला त्याच्या रोपांना खत जास्त घातल्याबद्दल झापलं आणि येताना गरम पाव घेऊन आली. निम्मा जिन्यातच खाल्ला होता. मावशींनी तो अर्धा पाव पाहिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं, आनंदाने.

पहिलं फळ बेकरीवाल्याकडे धरलं. ताई बघून आली. गोल, गुळगुळीत. "हे नव्हे." मग शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला. "हेही नव्हे." मग घरातल्याच एका कुंडीत बोरं लागली आणि वायरमन खूश झाले. प्रत्येक 'नव्हे' ऐकताना मावशींना वाईट वाटायचं, आणि लगेच त्याच्यामागून हायसं वाटायचं. ज्या फळासाठी त्यांनी इतका जीव टाकला, त्याची आता त्यांना धास्ती वाटू लागली होती. फळ धरलं की ताई बॅग भरणार.

एका सकाळी ताई आंघोळीला गेली होती म्हणून मावशी पाणी घालायला गॅलरीत गेल्या. भिंतीकडची कुंडी, तीच, मान टाकून पुन्हा उठलेली. पानं बाजूला केली तर आत भिंतीच्या अंगाला काहीतरी निळसर बांधलेलं दिसलं. मावशींनी वाकून पाहिलं. अस्तराचा तुकडा होता. तोच, बटणांच्या डब्यातला, त्यांनीच इस्त्री करून ठेवलेला. त्याची लहानशी पिशवी करून वर दोऱ्याची सरकती गाठ मारली होती. ती गाठ फक्त ताईच मारायची, हवी तशी सैल करता येणारी.

मावशींनी ती सरकवली. आत हिरवं, बसकं, वेडंवाकडं फळ होतं. देठापासून खालपर्यंत चुण्याच चुण्या.

मावशींच्या गळ्यात हाक आली. पूर्ण ताकदीनिशी आली, अख्ख्या इमारतीला ऐकू गेली असती. त्यांनी तोंड उघडलंही. आणि मग त्यांचं लक्ष कापडावर गेलं. गाठीच्या खाली कापडावर जुन्या गाठीचा वळ होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, त्याहून घट्ट. फळ वाढत गेलं तशी पिशवी सैल होत गेली होती. म्हणजे ते बोराएवढं असल्यापासून ताईला माहीत होतं.

मावशींनी तोंड मिटलं. पिशवी होती तशी परत बांधली, पानं पुढे ओढली आणि कुंडी जराशी भिंतीकडे फिरवली.

आत ताई केस पुसत मशीनजवळ बसली होती. "काही दिसलं का गं?" तिने टॉवेलाआडून विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की वायरमननी पेपर खाली करून पाहिलं. "अजून काहीच नाही."

"जुनं बी आहे," ताई म्हणाली. "वेळ घेणारच."

"घेऊ दे की," म्हणून मावशींनी कपाट उघडलं आणि ताईच्या कपड्यांसाठी मधला कप्पा रिकामा करायला घेतला.